खणाला आलेला फेस

माझी सून खण उघडत नाही, खणाशी कुस्ती खेळते. गुडघा कपाटाला, दात ओठावर, आणि दोन्ही मुठी धरून अशी ओढते की जणू गाढव चढणीवर अडून बसलंय. पाच वर्षं मी हे बघतेय. पाच वर्षं सांगतेय, "अन्थूला, हळू. अक्रोडाचं लाकूड आहे ते, तुझ्या डोंगरातली बकरी नाही." ती "हो आई" म्हणते आणि पुढचा हिसका देते. ह्या ऑक्टोबरात एका सकाळी बाहेर पाऊस कोसळत होता, तिची शहराची बस सुटायला आली होती, आणि तिसऱ्या खणाची पितळी मूठ तिच्या हातात आली. खण जागच्या जागी राहिला.

इथवर माझी तक्रार. ती मी कमरेवर हात ठेवून केली आणि मोठ्याने केली, कारण हळू आवाजात तक्रार करायला मला कुणी शिकवलं नाही. शाळेत तिसरीपर्यंत गेले, तिथेही नाही. माझा नवरा आर्सेनिस, देव त्याला शांती देवो, म्हणायचा, "आमची स्तामातेला बरोबर असते तेव्हा घराला त्रास होतो. चुकते तेव्हा अख्ख्या गावाला." पुढची हकिकत गावाला त्रास झाला त्यातली आहे.

कपाट माझ्या लग्नातलं. कमरेएवढं उंच, चार खणांचं, प्रत्येक खणाला दोन पितळी मुठी. आमचा गावचा सुतार लुकास, त्याच्या बापाने ते केलेलं. माझ्या मुलाचं, प्रोकोपिसचं, लग्न ठरलं तेव्हा मी ते माझ्या खोलीतून काढून मुलासुनेच्या खोलीत दिलं. दोन खोल्यांच्या मध्ये एकच दार आहे. तरी मी ते कपाट पुढच्या दाराने बाहेर काढायला लावलं, अंगणाला वळसा घालून मागच्या दाराने आत नेलं. सासू किती मोठ्या मनाची आहे ते शेजारणींना दिसायला नको?

अन्थूला आमच्या बेटावरची नाही. बोटीने समोरचा किनारा गाठायचा आणि मग घाट चढत राहायचं, कान दुखेपर्यंत, तिथली ती. लग्नात तिने चार लोकरी पांघरुणं आणली, आईने मागावर विणलेली, एकेक मेंढराएवढं जाड. मी म्हटलं, "पांघरुणं आणलीस, आणि ठेवायला कपाट?" ती म्हणाली, "कपाट तुमच्याकडे आहे असं ऐकलं होतं, आई." तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हिच्या "हो आई"च्या खाली तळघर आहे.

आता माझ्या साबणाबद्दल. आमच्या गावात ऑलिव्हचं तेल सगळ्यांकडे असतं, पण साबण म्हटला की स्तामातेलाचा. ऑलिव्ह दुसऱ्यांदा दाबून निघालेलं हिरवं तेल आणि डब्यांच्या तळाचा गाळ कॉस्टिक सोडा घालून मोठ्या कढईत उकळायचा, काठीने ढवळत राहायचं, ओतायचं, तारेने कापायचं, आणि सहा महिने माळ्यावर वाळवायचं. प्रत्येक वडीवर मी ऑलिव्हच्या पानाचा ठसा उठवते. कपडे, केस, फरशी, कुत्रा, सगळं त्याच साबणाने धुतलं जातं. आणि खणांनाही तोच.

कारण आमच्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर येतो तो ईस्टरपर्यंत नको असलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. मीठ पाझरतं, कोनाड्यातले बूट हिरवे होतात, खण फुगून बसतात. म्हणून पावसाच्या तोंडावर मी घरातला एकेक खण बाहेर काढते, आणि ज्या पट्ट्यांवर तो सरकतो त्यांना साबणाची कोरडी वडी घासते. चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. गावातल्या बायकांनाही मीच शिकवलं. खण अडतोय? साबण लाव. तरी अडतोय? मग कमी लावला असशील.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांच्या खोलीत गेले तर दुसरा खण पलंगावर उलटा टाकलेला, आणि अन्थूलाच्या हातात ईस्टरच्या मेणबत्तीचं थोटूक. खणाला घासायच्या बेतात.

"अगं, प्रभूच्या पुनरुत्थानाची मेणबत्ती ती! आणि तू ती मोज्यांच्या खणाला लावतेस?"

"आमच्याकडे असंच करतात, आई. खण छान सरकतो."

"तुमच्याकडे लांडगेही आहेत. ते काय करतात तेही शिकायचं का आम्ही?"

थोटूक मी काढून घेतलं, देवाच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवलं आणि तिच्या हातात साबण दिला. ती म्हणाली, "हो आई." वरचा खण त्याआधीच कपाटात परत बसलेला होता. मी कशाला त्याच्याकडे बघते?

पुढे नियम ठरला. वरच्या खणात तिचे खासगी कपडे असतात, आणि मी कशीही असले तरी सुनेच्या आतल्या कपड्यांत हात घालणारी सासू नाही. म्हणून दर सप्टेंबरात वरच्या खणासाठी एक नवीकोरी वडी तिच्या हातावर ठेवायची, खालचे तीन मी घासायचे. आणि काय सांगू, तो वरचा खण! भर जानेवारीत एका बोटाने सरकायचा. घरी कुणी आलं की मी त्याला खोलीत नेऊन तो खण उघडून दाखवायची. "बघा. ह्याला म्हणतात साबण." अन्थूला दाराशी उभी असायची. खालचे तीन अडायचे त्याचं कारणही मी तिथेच सांगून टाकायची: ते ती ओढते म्हणून.

तर, मूठ निघाली त्याच्या पुढच्या रविवारी चर्चच्या अंगणात आम्ही बायका उभ्या होतो. दियामान्दोने विचारलं, सून कशी आहे. दियामान्दो माझी साठ वर्षांपासूनची मैत्रीण. तिला बातमी लागते, आणि मला ती द्यायला आवडते. मी म्हटलं, "सुनेच्या हाताला जोर आहे गं, पण त्या हाताला डोकं जोडायचं राहून गेलंय. आज खण मोडला, उद्या घर मोडेल." सगळ्या हसल्या. मी मागे वळले तर तीन पावलांवर अन्थूला, हातात प्रसादाचा पाव. ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं माहीत होतं.

ती रडली नाही, भांडली नाही. तिने घरातल्या वस्तूंना हात लावणं बंद केलं. सकाळी स्वयंपाकघरात यायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. "आई, कॉफीचा डबा काढून देता? मी नको लावायला हात. मोडेल." पाव कापायचा आहे, सुरी मी द्यायची. खिडकी लावायची आहे, उठून मी लावायची. तीन आठवडे मी त्या घरात हरकाम्यासारखी धावत होते आणि ती "आभारी आहे, आई" म्हणत होती.

मग एक दिवस प्रोकोपिस माझ्यासमोर येऊन बसला. हा माझा मुलगा विजेच्या खांबांवर चढतो, वादळात तारा जोडतो, पण आईसमोर बसला की त्याचे गुडघे हलतात.

"आई, आम्ही शहरात घर बघितलंय. एक डिसेंबरपासून."

"कशाला?"

"तिचं औषधांचं दुकान तिथेच आहे ना. रोजची बस वाचेल."

"बस वाचेल?"

"बसच," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

मी म्हटलं, "जा. मला काय, घर मोकळं होईल." आणि अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. नंतर लक्षात आलं, दुसऱ्यांदा टाकले. कोंबड्यांनी काही तक्रार केली नाही.

त्यांचं सगळं सामान बांधून झालं. फक्त तिसरा खण राहिला. त्यात ती चार पांघरुणं होती आणि तो इंचभरही हलत नव्हता. अन्थूला म्हणाली, "माझ्या आईची पांघरुणं इथे टाकून मी जाणार नाही." त्यामुळे माझी पंचाईत झाली. खण उघडला तर ते जाणार, आणि मी, तीन खोल्या, सात कोंबड्या आणि ईस्टरपर्यंत पाऊस, एवढेच उरणार. रात्रीच्या जेवणाला बोलायला कुणी नसेल, आणि बोलायला कुणी नसलं की माझं काय होईल ह्याची मला कल्पना आहे. पण खण उघडला नाही तर माझा साबण खोटा ठरणार. स्तामातेलाच्याच घरातला खण साबणाने उघडत नाही, हे एकदा दियामान्दोच्या कानावर गेलं की संपलं.

अभिमान जिंकला. माझ्याकडे नेहमी तोच जिंकतो, त्यामुळे सरावलाय.

शुक्रवारी दोघं कामावर गेल्यावर मी अर्धी वडी किसली, गरम पाण्यात कढवली आणि चमच्याने खणाच्या फटीत ओतली, चारही बाजूंनी. मग फरशीवर बसले, दोन्ही पाय कपाटाला लावले, उरलेली एकुलती एक मूठ धरली आणि ओढलं. काही नाही. आणखी ओढलं. आर्सेनिसचं नाव घेतलं, आमच्या संत स्पिरिदोनाचं नाव घेतलं, आणि दोघांपैकी एकाने ऐकलं असावं, कारण मी एकदम मोकळी झाले आणि कुशीवर कलंडून पलंगाच्या पायावर कपाळ आपटून घेतलं. मला वाटलं, उघडला. मान उचलून बघितलं तर खण तसाच, आणि मूठ माझ्या हातात.

तिथे पडल्यापडल्या मी त्या मुठीकडे बघत राहिले. घरात कुणी नव्हतं. ही मूठ तिच्या मुठीशेजारी ठेवली आणि दोन्ही तिनेच तोडल्या म्हटलं, तर कोण नाही म्हणणार? हा विचार मी किती वेळ केला ते विचारू नका. शेवटी मूठ एप्रनच्या खिशात टाकली आणि कपाळावरच्या टेंगळाला कांदा लावला.

शनिवारी सकाळी प्रोकोपिस लुकासला घेऊन आला. लुकास माझ्याच वयाचा, लहानपणी आमच्या झाडावरची अंजिरं चोरायचा. अकरा वर्षं त्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आर्सेनिस गेला तेव्हाही अंगणातच टोपी काढून उभा राहिला. मीच त्याला एकदा हाकललं होतं. कशावरून, ते मला आठवत नव्हतं. मी एखादी गोष्ट विसरायची ठरवली की मन लावून विसरते.

"अजून आहेस होय?" मी म्हटलं.

"तुझ्याआधी गेलो तर मागे काय काय बोलशील, ह्या भीतीने थांबलोय. कपाळाला काय झालं?"

"दार लागलं."

लुकासने कपाटावर हात फिरवला, बापाच्या पाठीवरून फिरवावा तसा. वाकून फटीला नाक लावलं. बोट घातलं, बाहेर काढून बघितलं.

"स्तामातेला, ह्या कपाटाला आंघोळ कुणी घातली?"

"पाऊस आहे बाहेर. दिसत नाही?"

"दिसतो की. पण पाऊस आत येऊन साबण लावून गेल्याचं पहिल्यांदाच बघतोय."

प्रोकोपिसने माझ्याकडे बघितलं. मी एप्रनवरची एक सुरकुती नीट केली.

त्या दोघांनी कपाट भिंतीपासून ओढलं. लुकासने पाठीमागच्या फळीचे खिळे उपसले, फळी बाजूला ठेवली, आत हात घालून खणाच्या पाठीला लाकडाचा एक ठोकळा टेकवला आणि मोगरीने हलके ठोके द्यायला लागला. एक डावीकडे, एक उजवीकडे. घाई नाही, हिसका नाही. पाचेक मिनिटांनी खण बाहेर आला. आवाज कसा, तर चिखलात रुतलेला बूट उपसावा तसा. चारही पांघरुणं आत होती. सगळ्यात खालच्याला हिरवा डाग पडला होता, आणि तो कालचा होता.

मग लुकासने मला बोलावलं. "ये, बघ."

ज्या पट्ट्यांवर खण सरकायचा त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर बोटभर जाडीचा थर होता, वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली काळा, विसरलेल्या चीजसारखा. लुकासने अंगठ्याला थुंकी लावली आणि त्यावर दोनदा फिरवला. खणाला फेस आला. चांगला पांढरा, दाट फेस. माझा साबण फेसाला कधीच कमी पडला नाही. लुकासने तो अंगठा स्वतःच्या गालावर ओढला आणि गंभीरपणे विचारलं, "प्रोकोपिस, घरात वस्तरा आहे का रे?"

"थट्टा पुरे," मी म्हटलं. "काय झालंय ते सांग."

"साबण पाणी ओढतो, बये. दर वर्षी तू नवा थर देतेस. तो हिवाळाभर हवेतलं पाणी पितो आणि लाकडाला पाजतो. लाकूड फुगतं, खण अडतो. खण अडला की तू आणखी साबण देतेस. माझ्या बापाने केलेलं कपाट म्हणून टिकलं, दुसरं असतं तर त्याचे सांधे कधीच सुटले असते."

"आणि ओढाओढी? ते हिसके?"

"हिसक्याने मूठ जाते. खण फुगत नाही."

मला श्वास घ्यायला जागा हवी होती, आणि ती मला दिसली. वरचा खण!

"असं?" मी म्हटलं. "मग हा बघ. ह्यालाही माझाच साबण. दर वर्षी, न चुकता." आणि मी तो एका बोटाने ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा आला. प्रोकोपिससुद्धा जरा ताठ झाला. मी हनुवटी वर केली. ती हनुवटी आता आठवली की मला कुठे तरी लपावंसं वाटतं.

"रिकामा कर," लुकास म्हणाला.

मला तिच्या कपड्यांना हात लावायचा नव्हता, पण माघार घ्यायची तर अजिबातच नव्हती. डोळे अर्धे मिटून मी कपडे उचलून पलंगावर ठेवू लागले. मध्ये काहीतरी टणक लागलं. रुमालात गुंडाळलेलं. सोडून बघितलं तर ऑलिव्हच्या पानाचा ठसा. आणखी एक रुमाल, आणखी एक वडी. पाच निघाल्या. पाच सप्टेंबरांच्या पाच वड्या, एकीचाही कोपरा झिजला नव्हता.

लुकासने खण उलटा केला, अंगठा ओला करून पट्टीवर फिरवला. फेस नाही. थुंकीचे थेंब मोत्यांसारखे घरंगळून गेले. नखाने जरासं खरवडून त्याने माझ्या नाकापुढे धरलं. मधाचा वास आला, आणि थोडा धुपाचा.

"मेण," तो म्हणाला. "चर्चच्या मेणबत्तीचं. एकदाच लावलंय, पण मन लावून. अजून दहा वर्षं बघायला नको."

मला पलंगावर उलटा पडलेला दुसरा खण आठवला, तिच्या हातातलं थोटूक आठवलं, माझे लांडगे आठवले. आणि त्यांच्याबरोबर, मी न बोलावता, अकरा वर्षांपूर्वीचं तेही आठवलं.

लुकासने माझं तोंड वाचलं. "सांगू का ह्याला?"

"काय?" प्रोकोपिसने विचारलं.

"अकरा वर्षांपूर्वी मी हेच सांगत होतो. तेव्हा तुमचं स्वयंपाकघरातलं टेबल दुरुस्त करायला आलो होतो. म्हटलं, खणाला साबण नको, मेण लाव. तुझी आई म्हणाली, साबण तुझ्या जिभेला लाव. आणि माझी मोगरी अंगणात फेकली."

"मेणबत्ती पवित्र असते," मी म्हटलं. आवाज माझा होता, पण जरा लांबून आल्यासारखा.

"मला थोटकं कोण देतं माहितीय? पाद्री. टोपलीभर. त्याच्या कपाटाचे खण मीच मेण लावून दिलेत."

मग काही उरलंच नाही. मी एप्रनच्या खिशातून दुसरी मूठ काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. प्रोकोपिसने मुठीकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि तो हसायला लागला. पोटावर हात धरून, भिंतीला टेकून. असा तो शेवटचा हसला होता तेव्हा त्याला दुधाचे दात होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण बरं वाटलं.

लुकासला मी जेवायला वाढलं, माशाचा लाल तिखट रस्सा. प्रोकोपिस म्हणाला, खालच्या खणांवर आत्ताच रंधा मारून टाकू. लुकासने पाव खाली ठेवला. "ओल्या दिवसांत रंधा? ऑगस्टमध्ये खण दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा खुळखुळेल. साबण खरवडा, स्पिरिटने पुसा, मग मेण लावा. लाकूड सुकू दे त्याच्या चालीने. ईस्टरपर्यंत हे कपाट हलवायचं नाही, आणि माझ्याशिवाय कुणी रंधा लावायचा नाही."

दुपारी दोनच्या बसने अन्थूला आली. खोलीत शिरली आणि थबकली. पलंगावर पांघरुणं, टेबलावर दोन मुठी आणि पाच वड्या, एका रांगेत. तिचे कान लाल झाले.

"आई, तुम्ही माझा खण उघडलात."

"रिकामा करायला सांगितलं लुकासने. मी फक्त रिकामा केला." मग मी विचारलं, "का नाही लावलास?"

"लावला असता तर अडला असता."

"मग तोंडाने सांगायचं."

"सांगितलं होतं. तुम्ही लांडग्यांवर गेलात."

"फेकून का नाही दिलास?"

तिने एक वडी उचलून रुमालात परत गुंडाळली. "वास चांगला आहे. कपड्यांना कसर लागत नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि तुम्ही दिला होता."

माझ्या घशात काहीतरी अडलं. लुकास असता तर म्हणाला असता, साबण. मी खाकरले. "बरं. खण तू मोडला नाहीस. झालं ना?" माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब माफी होती.

तिने पांघरुणांची घडी घातली, दोरी घेतली आणि बांधायला लागली. "नाही झालं, आई. हे तुम्ही मला चार भिंतींत सांगताय. ते तुम्ही चर्चच्या अंगणात सांगितलं होतं."

"मग काय करू?"

"मी कुठे म्हटलं काही करा? ट्रक सोमवारी येतोय." आणि गाठ मारली. चांगली घट्ट गाठ, हाताला जोर आहेच तिच्या.

संध्याकाळभर मी शेगडीजवळ बसून खणांच्या पट्ट्या खरवडल्या. वाडगाभर साबण निघाला. खरवडताना एकेक घर डोळ्यांपुढे यायला लागलं. दियामान्दोची खणांची शिसवी पेटी. पाद्रीणबाईचं, म्हणजे पाद्र्याच्या बायकोचं, शिवणकामाचं टेबल, त्याबद्दल तिने मला गुपचूप विचारलं होतं. बेकरीवालीचा गल्ला. सगळीकडे स्तामातेलाचा साबण, माझ्या सांगण्यावरून, थरावर थर. चर्चच्या अंगणात तोंड उघडायचं म्हणजे फक्त सुनेची माफी नव्हती. चाळीस वर्षांचा माझा साबण मीच मोरीत ओतायचा होता. मी वाडग्याकडे बघितलं आणि दोरी बांधलेल्या पांघरुणांकडे बघितलं.

रविवारी पाऊस थांबला होता. प्रार्थना सुटली, आम्ही घंटेच्या कमानीखाली उभ्या राहिलो, आणि दियामान्दोने सुरुवात केली. "सून शहरात जातेय म्हणे? सुटलीस गं. उरलेले खण तरी वाचतील."

सगळ्या हसल्या. मी वळून बघितलं. तीन पावलांवर अन्थूला, हातात प्रसादाचा पाव, तशीच. ह्या वेळी ती तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं. ती येईपर्यंत मी वाट बघितली होती. तसबिरीपुढे पाच वर्षं पडलेलं थोटूक मी कोटाच्या खिशातून काढलं.

"अन्थूला, पुढे ये. आणि तुम्हीही ऐका सगळ्याजणी, कारण मी हे दुसऱ्यांदा सांगणार नाही. खण हिने मोडला नाही. खण माझ्या साबणाने अडला. एक मूठ हिच्या हातात आली, दुसरी माझ्या, आणि हे कपाळ दाराने नाही फुटलं. दियामान्दो, हसू नकोस. तुझी पेटी अडते ना? घरी जा, अंगठा ओला कर आणि तिच्या पट्टीवर घास. फेस आला तर माझी आठवण काढ."

हसू थांबलं. दियामान्दो स्वतःच्या अंगठ्याकडे बघायला लागली. पाद्रीणबाई एकदम घाईत निघाली.

मी थोटूक अन्थूलापुढे धरलं. तिने पाव काखेत धरून ते घेतलं, नाकाला लावलं आणि ओठ मिटून हसली, डोंगरातली माणसं हसतात तसं, दात थंडीत बाहेर न काढता.

"हसू नकोस, तुझा निकाल व्हायचाय," मी म्हटलं. "तुझे हात चांगले आहेत, माझ्यापेक्षा चांगले. पण गुन्हा तुझाही आहे. वरचा खण तुझ्या मेणावर सरकत होता, मी पाच वर्षं तो लोकांना माझा साबण म्हणून दाखवत होते, आणि तू दाराशी उभी राहून ऐकत होतीस. घरच्या माणसाला इतकं वेडं होऊ द्यायचं नसतं. म्हणून खालचे तीन खण तू करायचेस, ह्याच मेणबत्तीने. लाकूड ईस्टरपर्यंत सुकत नाही आणि कपाट तुझं असलं तरी तोवर हलवायचं नाही, लुकासला विचार. ट्रकवाल्याला सांग, सोमवारी येऊ नकोस. कुठे जायचं ते खण सरकायला लागल्यावर ठरव. आणि ह्यापुढे मी चुकत असताना मला 'हो आई' म्हणालीस, तर याद राख!"